पाळणाघर सोडल्याचा दाखला

महाराष्ट्रात ज्याला आपण शाळा सोडल्याचा दाखला म्हणतो आणि दिल्लीकडे ज्याला टी.सी. म्हणतात, त्या कागदाचे महत्त्व कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नाव, जन्मतारीख, जात, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि शाळा सोडण्याचे कारण एवढ्या रकान्यांवर माणसाची पुढची अनेक कामे चालतात. तहसील कार्यालयात जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आजोबांचा जीर्ण दाखला असतो. तो देण्यात दिरंगाई होऊ नये म्हणून संसदेने खास तरतूदही केली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला या कारणावरून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे सहा वर्षांचे मूल शाळा सोडते तेव्हा त्या सोडण्यालाही कायद्याचे संरक्षण आहे.

हेच मूल दोन वर्षांचे असताना एखाद्या घरगुती पाळणाघरातून बाहेर पडते तेव्हा मात्र कुठेच काही नोंदले जात नाही. एक दिवस ते येत नाही, एवढेच होते. प्रशासनात राहून मी अनेक प्रकारच्या नोंदवह्या पाहिल्या, पण या घटनेसाठी रकाना असलेली नोंदवही पाहिली नाही. असे का झाले, याचा शोध घेतला की आपल्या कामगार कायद्यांचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास समोर येतो. त्यातील मला महत्त्वाचे वाटलेले टप्पे इथे मांडत आहे.

सुरुवात मुंबईच्या गिरणगावापासून करावी लागेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत गिरण्यांच्या वाइंडिंग व रिळिंग खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. त्यांत कोकण, सातारा आणि दख्खनच्या इतर भागांतून आलेल्या मराठी स्त्रियांचा भरणा होता. सासू किंवा आई गावाकडे राहिलेली, त्यामुळे तान्ह्या मुलाचे काय करायचे हा प्रश्न रोजचाच. मूल शेजारणीकडे ठेवायचे, नाहीतर अफूची बाळगोळी देऊन निजवायचे, असे दोन मार्ग होते. बाळगोळीच्या प्रघाताची दखल त्या काळच्या वैद्यकीय पाहण्यांत वारंवार घेतलेली आढळते. चाळीतली ती शेजारीण हीच आपल्याकडील घरगुती पाळणाघराची पहिली चालक. तिचे नाव कुठल्याही अहवालात नाही.

सरकारने लक्ष दिले ते दोन गोष्टींकडे. पहिली गोष्ट प्रसूतिकाळातील रजा व भत्ता. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात यासाठी विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये असा कायदा केला. त्याच्या चर्चेत १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला होता. दुसरी गोष्ट कारखान्यातील पाळणाघर. व्हिटली आयोगाचा, म्हणजेच मजुरांविषयीच्या शाही आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यानंतरच्या १९३४ च्या कारखाने कायद्याने प्रांतिक सरकारांना अधिकार दिला की, पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम त्यांनी करावेत. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४८ ने हे बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासची मर्यादा तीसवर आली. मळ्यांसाठी १९५१ चा, विडी कामगारांसाठी १९६६ चा, कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा, बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा, असे एकामागून एक कायदे झाले व प्रत्येकात पाळणाघराची तरतूद आली.

या सर्व कायद्यांची शब्दरचना लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. पाळणाघरातील जागा मुलाची नसते, ती 'अशा स्त्रियांच्या मुलांची' असते. मुलाचे नाव आईच्या मस्टरला बांधलेले असते. आईचे काम सुटले की मुलाची जागा गेली, आणि त्यासाठी वेगळा हुकूम काढण्याचीही गरज नाही. ही कल्पना आपली नव्हे. पॅरिसमध्ये फिर्मिन मार्बो या गृहस्थांनी १८४४ साली पहिले 'क्रेश' काढले, तेव्हाही आई घराबाहेर काम करणारी असावी ही प्रवेशाची अट होती. तिथून ही अट जगभर पसरली. मुलाचे पाळणाघर कधी संपणार हे मुलाच्या गरजेवरून ठरत नाही, ते आईच्या हजेरीवरून ठरते.

दिल्लीत या अटीचे सर्वांत उघड रूप बांधकामांवर दिसले. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मजुरांची मुले उन्हाधुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली व पुढे तिचे काम मुंबई आणि पुण्यातही पोहोचले. संस्थेच्या नावातील 'मोबाइल' हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. इमारत पूर्ण झाली की मजूर दुसरीकडे जाणार, म्हणून पाळणाघरानेही जायचे. मुलाचे नाव कमी होण्याऐवजी पाळणाघरच मुलामागे जाईल, असा प्रयत्न निदान एका संस्थेने केला, याची नोंद प्रशासनाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

कारखान्याबाहेरच्या स्त्रियांसाठी काही योजना झाल्या. केंद्रीय समाज कल्याण मंडळ १९५३ मध्ये स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्ष दुर्गाबाई देशमुख. रायगड जिल्ह्यातील आपले चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्यांचा विवाह त्याच वर्षी झाला. १९७५ मध्ये काम करणाऱ्या व आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांची केंद्रीय योजना आली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून रुजलेला 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. पण अंगणवाडी चालते दिवसाचे काही तास, आणि आईची नोकरी असते आठ-नऊ तासांची. २००६ मध्ये पाळणाघर योजनेला राजीव गांधींचे नाव मिळाले. तिच्यात कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा बारा हजार रुपये होती. इथेही अट पालकांच्याच स्थितीची. पगार वाढला की मूल अपात्र ठरणार.

या सर्व व्यवस्थेबाहेर जो मोठा वर्ग उरला, त्याच्यासाठी घरगुती पाळणाघर हाच आधार होता आणि आहे. त्याचे एक चांगले उदाहरण म्हणजे दक्षिण दिल्लीतील मुनिरका.

मुनिरका हे टोकस जाटांचे जुने गाव. स्वातंत्र्यानंतर या परिसरातील गावांच्या शेतजमिनी संपादित होऊन रामकृष्ण पुरम ही केंद्रीय कर्मचाऱ्यांची वसाहत, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, वसंत विहार आणि दिल्ली विकास प्राधिकरणाचे फ्लॅट उभे राहिले. परिणामी आऊटर रिंग रोडच्या आसपास तीन प्रकारची वस्ती एकमेकांना खेटून राहते. गावात खोल्या भाड्याने घेतलेले विद्यार्थी व नोकरदार, फ्लॅटमध्ये मध्यमवर्गीय कुटुंबे, आणि पलीकडे सरकारी क्वार्टरमध्ये बदलीवर आलेले आमच्यासारखे लोक. रामकृष्ण पुरमसारख्या वसाहतींसाठी गृह कल्याण केंद्र ही केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाच्या छत्राखालील संस्था पाळणाघरे व बालवाड्या चालवीत आली आहे. तिथे जागा नसेल किंवा वेळ जुळत नसेल, तर तळमजल्यावरच्या एखाद्या फ्लॅटचे दार ठोठवायचे, हा मुनिरकातील रिवाज.

सन २००७ ते २००९ या काळात मी दिल्लीत प्रतिनियुक्तीवर होतो. पत्नीही नोकरीत. आमची मुलगी मुनिरकातील अशाच एका घरी दिवसभर असे. चालवणाऱ्या बाई गढवालच्या, वयाने पन्नाशीच्या. सगळे त्यांना आंटीजी म्हणत. शाळेची शंभर पानी वही हे त्यांचे एकमेव दफ्तर. त्यात मुलाचे नाव, आईचा फोन नंबर, कोणाला काय खाऊ घालायचे नाही आणि महिन्याची फी आली की एक बरोबरची खूण. एकदा ती वही चाळताना मला दिसले की प्रत्येक नावापुढे आल्याची तारीख आहे, गेल्याची तारीख कुठेच नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहब, बच्चा सोमवार से नहीं आएगा, ये मुझे सोमवार को ही पता चलता है।"

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण त्यामागचा हिशेब साधा होता. आठ-नऊ मुलांच्या फीवर घर चालते, मदतीला ठेवलेल्या मुलीचा पगार निघतो. एप्रिल-मेमध्ये बदल्यांचे आदेश निघाले की दोन-तीन नावे एकदम कमी होतात. नवी मुले जुलैत येतात. मधल्या काळात मदतनीस मुलीला घरी पाठवावे लागते आणि जुलैत पुन्हा नवी शोधावी लागते. म्हणजे उरलेल्या मुलांनाही ओळखीचा एक चेहरा गमवावा लागतो.

त्याच काळात सरकारच्या एका चांगल्या निर्णयाचा परिणाम मी त्या घरात पाहिला. सहाव्या वेतन आयोगानंतर सप्टेंबर २००८ मध्ये केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना प्रसूतिरजा १३५ ऐवजी १८० दिवस झाली आणि मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बाल संगोपन रजा मिळाली. हा निर्णय अत्यंत स्वागतार्ह होता. आमच्या ओळखीतील काही जणींनी लगेच रजा घेतली व मुले घरी आणली. आंटीजींकडील दोन नावे त्या हिवाळ्यात कमी झाली. रजा संपल्यावर त्यांतील एक आई परत आली, तेव्हा जागा भरलेली होती. नियम करणाऱ्यांचा यात दोष नाही. मात्र त्या टिपणीत आई होती, मूल होते, कार्यालय होते, आणि आईच्या गैरहजेरीत मूल सांभाळणारी ती तिसरी बाई नव्हती. ती कुठल्याच कायद्यात कामगार नाही, मालक नाही आणि संस्थाही नाही.

दिल्लीच्या प्रशासनाने तिची दखल घेतली ती वेगळ्याच खात्यात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली निवासी भागांतील व्यावसायिक वापरावर सीलिंगची मोहीम चालली. त्यानंतर ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या २०२१ पर्यंतच्या बृहत् आराखड्यात निवासी जागेत काही अटींवर चालू शकणाऱ्या उपक्रमांची यादी आली. त्यात पूर्वप्राथमिक शाळेबरोबर पाळणाघराचा उल्लेख आहे. म्हणजे जमिनीच्या वापराचा प्रश्न म्हणून घरगुती पाळणाघर शासनाला दिसले. तिथे रस्त्याची रुंदी मोजली जाते. मुले किती, सांभाळणारे किती, आणि मूल जाताना काय होते, हे विचारणे त्या खात्याचे काम नाही.

इतर देशांत काय झाले हे पाहणे इथे उपयोगी ठरेल. ज्या १९४८ साली आपण कारखान्यातील पाळणाघर बंधनकारक केले, त्याच साली ब्रिटनने पाळणाघरे व बालसंगोपकांच्या नियमनाचा कायदा केला. मोबदला घेऊन स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणाऱ्या व्यक्तींची नोंद स्थानिक आरोग्य प्राधिकरणांकडे होऊ लागली. दोन देशांनी एकाच वर्षी एकाच प्रश्नाकडे पाहिले, एकाने कारखान्याच्या बाजूने तर दुसऱ्याने घराच्याही बाजूने.

फ्रान्स याहून पुढे गेला. तिथे १७ मे १९७७ च्या कायद्याने घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला मान्यताप्राप्त व्यवसायाचा दर्जा मिळाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, 'मूल काढून घेणे' ही तिथल्या कायद्यातील स्वतंत्र संज्ञा आहे. पालकाला मूल केव्हाही काढून घेण्याचा हक्क आहे, तो कोणी हिरावू शकत नाही. पण ते लेखी कळवावे लागते. मूल तीन महिन्यांहून अधिक काळ तिथे असेल तर पंधरा दिवसांची आणि वर्ष झाले असेल तर एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. पालकाचे स्वातंत्र्य व सांभाळणारीची रोजी या दोन्हींचा तोल इतक्या थोड्या शब्दांत साधलेला मी क्वचित पाहिला आहे.

काहींना वाटेल की दोन वर्षांच्या मुलासाठी एवढा विचार कशाला, ते चार दिवसांत विसरते. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये जो अहवाल लिहिला, त्याचा आधार घेऊन अनेक वर्षे आईने नोकरी करू नये असे सांगितले गेले. त्या अहवालातील मूळ मुद्दा अखंड व जिव्हाळ्याच्या सहवासाचा होता. हा मुद्दा मान्य केला तर तो दिवसाचे नऊ तास मुलाला भरवणाऱ्या, निजवणाऱ्या बाईलाही लागू होतो. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत तर तो अधिकच लागू होतो. पुण्या-नागपुरात आजी असते, मावशी असते. दिल्ली, बंगळूर किंवा परदेशात ती जागा अशाच कोणी आंटीजी भरून काढतात, आणि मुलाचे पहिले काही शब्द त्यांच्या भाषेतले असतात. आमच्या मुलीला पाणी हवे असले की ती गढवाली हेल काढून मागत असे.

२००९ मध्ये आम्हाला महाराष्ट्रात परत येण्याचा आदेश मिळाला. आदेश हाती पडला त्या संध्याकाळीच मी आंटीजींना एक पानभर हिंदी पत्र दिले. मूल कोणत्या तारखेपर्यंत येईल, शेवटच्या महिन्याची पूर्ण फी आम्ही देऊ, आणि मधल्या काळात दुसरे मूल घ्यायचे असल्यास आमची हरकत नाही, एवढाच मजकूर. त्यांना वाचायला चष्मा लागला नाही, तो मोठ्या अक्षरांत लिहिला होता. त्यांनी तो वहीत ठेवला. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना विनंती केली की मुलीबद्दल चार ओळी लिहून द्या. त्यांनी लिहिले की दुपारी झोपताना तिला पाठीवर थोपटावे लागते, दलिया आवडतो, केळे आवडत नाही, आणि दाराची घंटा वाजली की ती घाबरते. घंटेची ही गोष्ट आम्हा आईवडिलांना ठाऊक नव्हती. आमच्या घरी घंटाच नव्हती. नागपूरला जिथे तिला ठेवले त्या काकूंना तो कागद दिला, तेव्हा त्यांनी दारावर ठोठावण्याची सूचना लावली.

त्या चार ओळी वाचून माझ्या लक्षात आले की पाळणाघर सोडल्याचा दाखला असायचा तर तो असा असावा. त्यात जात नको, वर्तणुकीचा शेरा नको.

त्यानंतरच्या काळात कायद्याने काही पावले टाकली आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली व पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. २०१८ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी किमान मानकांची मार्गदर्शिका काढली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये पाळणाघराची तरतूद कायम राहिली आणि चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. २०२२ पासून मिशन शक्तीमधील 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याचे काम चालू आहे. या साऱ्यांचा केंद्रबिंदू मात्र अजूनही आस्थापना किंवा अंगणवाडी हाच आहे. मुनिरकाच्या तळमजल्यावरची वही बाहेरच राहिली आहे.

मला सुचणारे उपाय फार खर्चाचे नाहीत.

१. घरगुती पाळणाघरांसाठी परवाना नको, फक्त नोंद हवी. परवाना म्हटले की निरीक्षक आला आणि हप्ता आला. वॉर्ड कार्यालयात किंवा अंगणवाडी सेविकेकडे नाव, पत्ता व मुलांची कमाल संख्या नोंदवणे पुरेसे आहे.

२. प्रवेशाच्या वेळी एक पानी करार असावा. दोन्ही बाजूंना एक महिन्याची पूर्वसूचना, आणि मुलाच्या सुरक्षिततेबद्दल शंका असल्यास पालकाला त्याच क्षणी मूल नेण्याची मोकळीक. ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला मारहाण झाल्याचे चित्रण उघडकीस आले, ते वाचकांना आठवत असेल. अशा वेळी पूर्वसूचनेची अट कुणी पुढे करता कामा नये.

३. बदलीच्या आदेशात रुजू होण्याचा कालावधी ठरवताना सहा वर्षांखालील मूल असलेल्या कर्मचाऱ्याचा विचार व्हावा. आस्थापना शाखेकडे कुटुंबाचा तपशील असतोच.

४. मूल जाताना सांभाळणारीने एक चिठ्ठी द्यावी व पुढच्या ठिकाणी ती मागितली जावी. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

परराज्यांतील व परदेशांतील महाराष्ट्र मंडळे गणपती-दिवाळीच्या अंकात अनेक उपयुक्त पत्ते छापतात. त्यांनी या चिठ्ठीचा नमुनाही छापावा. त्यात मुलाचे हाक मारण्याचे नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, झोप, जेवण, औषध, कोणत्या भाषेतील कोणते शब्द बोलते, कशाला घाबरते, कशाने शांत होते, आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीची सही, एवढे रकाने पुरेत. हा शेवटचा रकाना वगळू नये, कारण त्या बाईचे नाव कागदावर येण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असेल.